वन्यजीवांची इंटर्नशिप: बडोद्यातल्या विद्यार्थ्यांनी कुठे करावी, आणि काम नेमकं काय असतं?

प्राजक्त
नमस्कार मंडळी. माझी मुलगी बडोद्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. नव्या शैक्षणिक धोरणानंतर इंटर्नशिप अभ्यासक्रमातच आली आहे. २ ते ४ क्रेडिट, एका क्रेडिटचे ३० तास, म्हणजे ६० ते १२० तास. वर्गातल्या बहुतेकांनी पॅथॉलॉजी लॅब नाहीतर औषध कंपनी धरली. हिचं ठरलंय की वन्यजीवांचंच काम करायचं.

आता तिच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, जंगलातला आठवड्याचा कॅम्प. फी भरपूर, जाहिरातीत मुलं हातात साप धरून उभी, शेवटी प्रमाणपत्र. दुसरी, इथल्याच एका छोट्या गटाबरोबर विश्वामित्रीच्या काठाने मगरींच्या नोंदी ठेवायच्या आणि काठच्या वस्त्यांमध्ये, शाळांमध्ये जाऊन लोकांशी बोलायचं. फी नाही, मानधनही नाही.

घरात मतभेद आहेत. तिच्या बाबांचं म्हणणं, "वस्तीत जाऊन बोलायचं ही समाजसेवा झाली, यात वन्यजीव व्यवस्थापन कुठे आलं?" मला त्याचं नीट उत्तर देता आलं नाही. या क्षेत्रातल्या कुणी समजावून सांगेल का?

लहरीपुरा
प्राजक्तताई, हातात साप धरलेला फोटो जाहिरातीत असेल तर तिथे मुलीला पाठवू नका. कारण जाणकार सांगतीलच, पण पैसे भरायच्या आधी थांबा.

काठावरची
ताई, मी एम.एस्सी.चा प्रबंध विश्वामित्रीच्या मगरींवर केला, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

आपल्या नदीतली मगर म्हणजे गोड्या पाण्यातली मगर, क्रोकोडायलस पॅलुस्ट्रिस. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. पावागडच्या डोंगरातून निघालेली विश्वामित्री शहराच्या मधून जाते, पुढे ढाढरला मिळते आणि खंभातच्या आखातात उतरते. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात, पुलांखाली, विद्यापीठाच्या मागे, कमाटीबागेला लागून शेकडो मगरी राहतात, वीण करतात, पिल्लं वाढवतात. अशी नदी देशात शोधून सापडणार नाही. या नदीला कुंपण नाही, प्रवेशद्वार नाही, तिकीट नाही. इथे मगर कुठल्या अभयारण्यात राहत नाही, ती माणसांमध्ये राहते.

मग तिचं व्यवस्थापन कुणी करायचं? वन खातं मगर पकडू शकतं, हलवू शकतं. पण काठावर कपडे धुणारी बाई कुठल्या पायरीवर बसते, कोंबडीचा कचरा पाण्यात कोण टाकतं, मार्चमध्ये काठावरची माती कोण उपसतं, पोरं पोहायला कुठे उतरतात, यावर मगर आणि माणूस दोघांचा जीव अवलंबून असतो. या सगळ्या गोष्टी माणसांच्या हातातल्या आहेत. त्यामुळे वस्तीत जाऊन बोलणं हेच इथलं व्यवस्थापन आहे. बाबांना हे सांगा.

आता काम कसं असतं ते. हिवाळ्यात सकाळी ऊन चढलं की मगरी काठावर येऊन पडतात. तेव्हा मोजणी करायची. प्रत्येक मगरीसाठी तक्त्यात वेळ, ठिकाण, हवेचं तापमान, अंदाजे लांबी (पिल्लू, अर्धवट वाढलेली की मोठी), काठ कसला आहे (मातीचा उतार, उभा कडा, झुडपं की सिमेंट) आणि आसपास माणसं काय करत होती, हे भरायचं. हा शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत जास्त वेळा रिकामा सोडलेला असतो. रात्री विजेरीच्या झोतात डोळे लाल चमकतात, त्यावरूनही मोजणी होते, पण ते अनुभवी माणसांबरोबरच करायचं.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मादी काठावर खड्डा करून अंडी घालते, साधारण पंचवीस-तीस. अडीच महिन्यांच्या आतबाहेर, पावसाच्या तोंडावर, पिल्लं निघतात. पिल्लू नर होणार की मादी, हे घरट्यातल्या उष्णतेवर ठरतं: साडेबत्तीस अंशांच्या आसपास बहुतेक नर, त्याहून कमी किंवा जास्त झालं तर माद्या. काठावर झाडांची सावली राहिली की गेली, उतार मातीचा राहिला की भिंत बांधली गेली, यावर पुढच्या पिढीचं सगळं गणित फिरतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०२१ मध्ये विश्वामित्रीबद्दल निकाल देताना पूरपट्टा आखायला, अतिक्रमणं काढायला आणि काठावर झाडं लावायला सांगितलं, त्याचं महत्त्व मगरीच्या अंगाने पाहिलं तर लगेच कळतं.

वस्तीतलं काम याहून अवघड आहे. काठच्या म्हाताऱ्या बायका सांगतात, "ए तो वर्षोथी अहीं छे, कोईने कशुं करतो नथी" (तो वर्षानुवर्षं इथेच आहे, कुणाला काही करत नाही). हे त्यांचं जिव्हाळ्याचं बोलणं खरं आहे आणि धोक्याचंही आहे. खोडियार मातेचं वाहन मगर, त्यामुळे इथल्या लोकांच्या मनात मुळात तिच्याबद्दल आदर आहे. भीती घालणारी चित्रं घेऊन गेलात तर तो आदर मोडतो आणि हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी विचारायचं: या वर्षी घरटं कुठे दिसलं? मोठी मादी कुठल्या बाजूला बसते? तुम्ही पाणी भरायला कुठे जाता? लोक नकाशाच काढून देतात. मग त्याच नकाशावर त्यांच्यासोबत ठरवायचं की विणीच्या दिवसांत कुठली पायरी टाळायची.

मुलीला गुजराती नीट येतं का? मराठी घरातली मुलं बोलतात, पण वस्तीतली बोली वेगळी असते. तेवढी तयारी करून घ्या.

वनवाट
वन खात्यात नोकरी केली, आता निवृत्त. काठावरची यांनी छान लिहिलंय. मी कायद्याची बाजू सांगतो, कारण विद्यार्थ्यांना ती कुणी सांगत नाही.

वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ च्या कलम ९ ने शिकारीला बंदी आहे. पण कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, सापळा लावणं, हुसकावणं, आमिष दाखवणं हे सगळं शिकारीच्या व्याख्येत येतं. पक्षी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत अंड्यांचं नुकसान करणं किंवा घरट्याला धक्का लावणंसुद्धा. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून नाग पहिल्या परिशिष्टात आहे. म्हणजे त्या जाहिरातीतल्या मुलाच्या हातात नाग असेल तर तो फोटो म्हणजे गुन्ह्याचा पुरावा आहे. शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी प्राणी पकडायचा असेल तर कलम १२ खाली परवाना लागतो आणि अभयारण्यात अभ्यासासाठी शिरायचं असेल तर कलम २८ खाली. मुलीला कुठल्याही संस्थेत घालण्याआधी एकच प्रश्न विचारा: तुमच्या कामाचा परवाना दाखवता का? खरं काम करणारी संस्था लगेच कागद पुढे ठेवते.

समाजसेवेचा मुद्दा आलाय म्हणून गीरचं उदाहरण देतो. गीरभोवतीच्या शेतांत उघड्या विहिरी होत्या, रात्री सिंह आणि बिबटे त्यांत पडून मरायचे. उपाय काय निघाला? विहिरींना कठडे. कठडा शेतकऱ्याच्या विहिरीला बांधायचा, म्हणजे शेतकऱ्याशी बोलणं आलं, त्याचा विश्वास मिळवणं आलं. तिथे गावागावांतून 'वन्यप्राणी मित्र' नेमले गेले. गावात सिंह शिरला तर पहिला फोन त्यांचा येतो, गर्दी तेच आवरतात. बंदूकधारी गार्ड जे करू शकला नसता ते गावातल्या पोरांनी केलं.

बडोद्याला वन खात्याचा वन्यजीव विभाग आहे. कॉलेजच्या विभागप्रमुखांच्या सहीने उपवनसंरक्षकांच्या नावे पत्र द्या. पत्रात "वन्यजीवांची आवड आहे" असं लिहू नका, सगळेच तसं लिहितात. काय करता येतं ते लिहा: पक्षी ओळखता येतात, तक्ता भरता येतो, नकाशावर जागा नोंदवता येते, गुजरातीत शाळेतल्या मुलांपुढे बोलता येतं. खात्याला अशा हातांची फार गरज असते.

निशाचर
एक विरोधी सूर लावतो. इथे बचावकार्याला कमी लेखलं जातंय असं वाटलं. ऑगस्ट २०२४ च्या पुरात काळा घोडा पुलाजवळ पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी २५ फूट. घरांच्या अंगणांत, रस्त्यांवर, सोसायट्यांच्या आवारात मगरी आल्या होत्या. वन खातं आणि स्वयंसेवकांनी छातीएवढ्या पाण्यात उतरून त्या पकडल्या. मी त्यांतला एक. तेव्हा तक्ते कामाला आले नाहीत, दोर कामाला आला. तरुण मुलांना हे काम शिकवायला नको का?

काठावरची
निशाचरदादा, त्या रात्री तुम्ही लोकांनी जे केलं त्याबद्दल मनापासून आदर आहे. बचावकार्य शिकवायलाच हवं. पण साठ किंवा एकशेवीस तासांत नाही. जबडा बांधायचा कसा, डोळे झाकायचे केव्हा, शेपटीच्या टप्प्याबाहेर कुठे उभं राहायचं, हे तुम्हीही वर्षानुवर्षं जुन्या माणसांच्या मागे उभं राहूनच शिकला असाल. इंटर्नने दोर धरू नये, गर्दी मागे ठेवावी, आणि मगर कुठे सापडली, कुठे सोडली हे लिहून घ्यावं.

हे लिहून घेणं का महत्त्वाचं? मगर हलवली की प्रश्न सुटतो असं आपण धरून चालतो. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातल्या मगरींना दूर नेऊन सोडलं, उपग्रहाने माग काढला, तर त्या आपल्या जागी परत आल्या, एक तर चारशेहून जास्त किलोमीटर पोहून. आपल्या मगरीचं काय होतं हे कळायचं असेल तर पकडलेल्या प्रत्येक मगरीची नीट नोंद हवी. तुमचा दोर आणि इंटर्नचा तक्ता एकाच कामाचे आहेत.

निशाचर
हे मान्य. आमच्याकडे पकडल्याच्या नोंदी असतात, सोडल्याच्या जागेच्या बऱ्याचदा नसतात. पुढच्या पावसाळ्यात कुणी विद्यार्थी फक्त नोंदीसाठी आमच्याबरोबर राहणार असेल तर आम्हाला हवाच आहे.

लष्कर_ग्वाल्हेर
ग्वाल्हेरहून लिहितोय. मुलीला पुढे वेगळं काही पाहायचं असेल तर आमच्याकडे चंबळ आहे. मुरैन्याजवळ देवरीला घडियाल, म्हणजे सुसरींचं, केंद्र आहे. चंबळच्या वाळूतल्या घरट्यांमधून अंडी आणून उबवतात, पिल्लं साधारण १.२ मीटरची झाली की नदीत सोडतात. घडियाल मासेखाऊ, लांब निमुळत्या जबड्याचा, माणसाच्या वाटेला जात नाही. तरी तो संकटात आहे, कारण त्याला घरट्यासाठी वाळू लागते आणि वाळू उपसली जाते. केंद्रात पिल्लं वाढवणं लोकांना दिसतं, टाळ्या मिळतात. काठच्या गावांनी वाळू आणि जाळी यांबद्दल काय ठरवलं हे दिसत नाही, आणि सोडलेल्या पिल्लांचं भवितव्य तिथेच ठरतं.

शेजारी कूनोला १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाचे चित्ते आले, तेव्हा गावांतून शेकडो 'चीता मित्र' तयार केले होते. लोकांना चित्ता आणि बिबट्या यांतला फरक माहीत नव्हता. बिबट्याच्या धसक्याने चित्त्याला काठ्या घातल्या जाऊ नयेत म्हणून आधी माणसं शिकवावी लागली. बाबांच्या प्रश्नाचं हेही एक उत्तर.

राजवाडा_इंदूर
इंदूरकडून भर. सिरपूर तलाव आणि यशवंतसागर, दोन्ही २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आले. सिरपूर तर शहरातच आहे. जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना होते, तिला नवख्या माणसांना अनुभवी माणसाबरोबर जोडतात. एक सकाळ द्यायची, पण शिकायला खूप मिळतं. बडोद्यातही होत असेलच.

जुनी_वाडी
होते. आणि बडोद्याकडे वढवाणा आहे. मी शाळेत शिक्षक होतो, मुलांना दर थंडीत तिथे न्यायचो. डभोईच्या पुढचं हे जलाशय गायकवाडी राज्यात १९१० च्या सुमारास शेतीच्या पाण्यासाठी बांधलं गेलं. पाणी माणसांसाठी अडवलं आणि पक्ष्यांनी ते आपलं केलं. २०२१ मध्ये रामसर दर्जा मिळाला. मध्य आशियाई उड्डाणमार्गावरून येणाऱ्या ८० हून जास्त जाती इथे हिवाळा काढतात. लाल शेंडीचं बदक (रेड-क्रेस्टेड पोचर्ड) पश्चिम भारतात तसं दुर्मीळ, वढवाण्याला मात्र दर हिवाळ्यात दिसतं. पट्टकादंब (बार-हेडेड गूज) हिमालय ओलांडून येतात आणि शेतातल्या कोवळ्या पिकात उतरतात. आता शेतकऱ्याने काय करायचं? मुलांना मी आधी पक्षी दाखवायचो, मग शेजारच्या शेतात नेऊन शेतकऱ्याला बोलू द्यायचो. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मुलांना घरी आणायचं नाही असा माझा नेम होता.

शहरातलं मोठं काम उत्तरायणाचं, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांतलं. गुजरात सरकारचं करुणा अभियान २०१७ पासून १० ते २० जानेवारी या काळात चालतं. मांज्याने पंख कापलेल्या बगळ्या-कबुतरांसाठी उपचार केंद्रं उघडतात. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ५ नंतर पतंग उडवू नका, एवढं एक वाक्य गच्चीगच्चीवर पोचवायचं असतं, कारण त्या वेळी पक्षी घरट्याकडे जात-येत असतात. तिथे विद्यार्थी हवेच असतात. शाळेतल्या मुलांपुढे बोलण्याचा सराव करायला यापेक्षा चांगली जागा नाही. आणि आपल्या मराठी मंडळांनी गणेशोत्सवात एक कोपरा विश्वामित्रीला द्यावा असं मी गेली कित्येक वर्षं सांगतोय. विसर्जनाची चर्चा होते, नदीतल्या जीवांची होत नाही. मुलीला हे काम हवं असेल तर आमच्या मंडळात मी जागा मिळवून देतो.

प्राजक्त
सगळ्यांचे खूप आभार. बाबांनी धागा शांतपणे वाचला, विहिरीच्या कठड्यांपाशी थांबले आणि म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं."

आता आईचे प्रश्न. मुलगी नदीकाठी जाणार, तिच्या जिवाचं काय? शिवाय हा गट मानधन देत नाही, ते बरोबर आहे का? आणि पुढे नोकरीच्या दृष्टीने याचा काही उपयोग?

काठावरची
ताई, सुरक्षिततेचं आधी. मगर पाण्याच्या कडेला दबा धरते, त्यामुळे पाण्याच्या कडेपासून लांब, उंच जागेवरून, दुर्बिणीने नोंद घ्यायची. घाटाच्या शेवटच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत. एकटीने कधीच जायचं नाही, आणि कुठे आहोत ते गटातल्या कुणाला तरी कळवलेलं असायलाच हवं. घरट्याची जागा समजली तर लांबून नोंदवायची. मादी राखण करत असते. पूर ओसरल्यावरच्या चिखलात उघड्या पायांनी जायचं नाही, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. वस्तीत कुत्री असतात, म्हणून कामाआधी रेबीजची प्रतिबंधक लस घेऊन ठेवलेली चांगली. यांतलं काहीच गटाने आपणहून सांगितलं नाही तर तो गट सोडा. जखमी प्राणी दिसला तर स्वतः हात न लावता १९६२ किंवा वन खात्याच्या १९२६ वर फोन.

मानधनाबद्दल मी स्पष्ट बोलते. ते मिळायला हवं. फुकट काम फक्त घरून पैसे मिळणाऱ्या मुलांनाच परवडतं, आणि मग या क्षेत्रात तीच मुलं टिकतात. काठच्या वस्तीतली, नदी सर्वांत जास्त ओळखणारी मुलगी इंटर्न होऊच शकत नाही. मानधन देणं शक्य नसेल तर निदान बसभाडं, जेवण आणि अपघाती विमा तरी मागा. तिने काढलेल्या नोंदी अहवालात वापरल्या तर तिचं नाव लागेल, हे लेखी घ्या.

वनवाट
नोकरीचं मी सांगतो. भारतीय वनसेवेची परीक्षा लोकसेवा आयोग घेतो, प्राणिशास्त्राची पदवी चालते. राज्यात परिक्षेत्र वनाधिकारी वगैरे पदांसाठी गुजरात लोकसेवा आयोग. संशोधनाकडे जायचं असेल तर डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचा एम.एस्सी. आहे, बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातही वन्यजीव विषयात एम.एस्सी. आहे. जागा मोजक्या. प्रवेशाच्या मुलाखतीत "तुम्ही क्षेत्रात काय केलं?" हा प्रश्न येतोच. तिथे प्रमाणपत्राकडे कुणी बघत नाही. स्वतःच्या नोंदींतून निघालेला एक प्रश्न मांडता आला, तर मुलाखत घेणारे पुढे सरसावून बसतात.

आणखी एक. आणंद आणि खेडा जिल्ह्यांतल्या चरोतर भागात गावतळ्यांमध्ये मगरी राहतात. देवा, मलातज, त्राज अशी गावं. तिथे वल्लभ विद्यानगरची व्हॉलंटरी नेचर कन्झर्व्हन्सी दर जानेवारीत स्वयंसेवकांना घेऊन चरोतर मगर गणना करते. तळ्यावर बायका भांडी घासतात आणि पलीकडच्या काठावर मगर ऊन खात असते. मुलीने विश्वामित्रीवर काम सुरू केल्यावर तिथे जरूर जावं, म्हणजे तुलना करता येईल: त्या गावांत हल्ले का होत नाहीत, किंवा होतात तेव्हा काय बदललेलं असतं?

लहरीपुरा
वनवाटकाका, हा शेवटचा प्रश्नच प्रकल्पाचा विषय होऊ शकतो.

प्राजक्त
मुलीने तो प्रश्न वहीत उतरवून घेतला. पत्राचा मसुदा ती आज लिहितेय. किती तारखेपासून मागावं?

वनवाट
नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर असं लिहा, आठवड्यातून दोन सकाळी. त्यात ऊन खाणाऱ्या मगरी, वढवाण्याचे पक्षी आणि उत्तरायण तिन्ही बसतात, कॉलेजही बुडत नाही. पत्र मात्र आत्ताच, ऑगस्टमध्ये द्या आणि पोच घ्या. ऑक्टोबरच्या २ ते ८ तारखेला वन्यजीव सप्ताह असतो, त्या गडबडीत नवं पत्र टेबलावर पडून राहतं. विभागप्रमुखांची सही, ओळखपत्राची प्रत आणि पालकांचं संमतीपत्र सोबत जोडा. संमतीपत्रावर बाबांचीही सही घ्या.